फेडरल कोर्टाने हेबियस याचिका फेटाळली: आदेश हातात आल्यावर काय करायचं

आदेश आला की बहुतेक जण थेट शेवटचं पान उघडतात, ‘डिसमिस्ड’ हा शब्द वाचतात आणि कागद बाजूला ठेवतात. त्या एका शब्दावरून फारसं काही कळत नाही. याचिका कोणत्या कारणाने फेटाळली आणि तो आदेश कोर्टाच्या दप्तरी कोणत्या तारखेला नोंदला गेला, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. कारण चुकीचं समजलं तर भलताच अर्ज होतो. तारीख चुकली तर बरोबर अर्जही वाया जातो.

इथे लिहिलंय ते अमेरिकेत राज्याच्या कोर्टाने शिक्षा दिलेल्या कैद्याबद्दल, म्हणजे अमेरिकी संहितेच्या २८व्या शीर्षकातल्या कलम २२५४ खालच्या हेबियस याचिकेबद्दल (आपली कैद बेकायदा आहे असं म्हणत केलेला अर्ज). फेडरल गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांसाठी कलम २२५५ आहे आणि इमिग्रेशनच्या कोठडीतल्यांसाठी कलम २२४१. त्यांनी खालचे हिशेब स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आणखी एक फरक आधीच सांगायला हवा. आपल्याकडे हेबियस म्हटलं की बेपत्ता माणूस किंवा एमपीडीए या राज्याच्या कायद्याखालची खटल्याविना स्थानबद्धता डोळ्यांसमोर येते. खटला चालून शिक्षा कायम झाली की हा मार्ग सहसा उरत नाही. अमेरिकेत राज्यातली सगळी अपिलं हरलेला कैदी ‘माझ्या खटल्यात फेडरल संविधानाचा भंग झाला’ असं सांगत फेडरल जिल्हा न्यायालयात जातो. तिथलं जिल्हा न्यायालय म्हणजे आपल्या तालुक्यावरचं जिल्हा कोर्ट नव्हे; ती फेडरल व्यवस्थेतली पहिली पायरी आहे. २४ एप्रिल १९९६ रोजी लागू झालेल्या एईडीपीए (अँटिटेररिझम अँड इफेक्टिव्ह डेथ पेनल्टी अ‍ॅक्ट) या फेडरल कायद्याने या वाटेवर एक वर्षाची मुदत घातली आणि दुसऱ्यांदा येणाऱ्याला जवळपास दार बंद केलं. पुढच्या बहुतेक अडचणी त्या कायद्यातून येतात.

आधी पाहा: हा आदेश आहे की नुसती शिफारस?

बऱ्याच जिल्ह्यांत याचिका आधी मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांकडे, म्हणजे फेडरल जिल्हा न्यायाधीशांच्या मदतीला असलेल्या न्यायाधीशांकडे जाते. ते ‘रिपोर्ट अँड रेकमेंडेशन’ लिहितात. वीस-तीस पानं, शेवटी ‘याचिका फेटाळावी’. दिसायला निकालच, पण निकाल नव्हे. त्यावर लेखी हरकती घ्यायला १४ दिवस मिळतात. ‘शेवटी अपिलात बघू’ म्हणून इथे गप्प बसणाऱ्याला अनेक सर्किट कोर्टं (जिल्हा न्यायालयावरची फेडरल अपील न्यायालयं) नंतर सांगतात, की तू हरकत घेतली नाहीस म्हणून हा मुद्दा आता काढता येणार नाही. हरकती नेमक्या हव्यात: कोणत्या पानावरचा कोणता निष्कर्ष चूक आणि का. ‘संपूर्ण अहवालाला माझी हरकत आहे’ एवढं एक वाक्य म्हणजे हरकत न घेतल्यासारखंच.

जिल्हा न्यायाधीशांचा अंतिम आदेश असेल तर डॉकेट मागवा. डॉकेट म्हणजे आपल्याकडचा रोजनामा. त्यात प्रत्येक कागदाला क्रमांक आणि नोंदीची तारीख असते. न्यायाधीशांच्या सहीखालची तारीख आणि डॉकेटवरची नोंदीची तारीख यांत कधी दोन-चार दिवसांचा फरक पडतो. मुदती नोंदीच्या तारखेपासून मोजतात. पाकीट कैद्याच्या हातात कधी पडलं याला इथे किंमत नाही. तरीही ते पाकीट फेकू नका. पुढे एका अर्जात ते लागू शकतं.

तीन तारखा कागदावर लिहून काढा

समजा, नोंद १२ नोव्हेंबर २०२५ ची आहे.

२८ दिवस: १० डिसेंबर २०२५. दिवाणी प्रक्रिया नियम ५९(ई) खाली, निकाल बदलून मागण्याचा अर्ज. ही मुदत वाढवण्याचा अधिकार न्यायाधीशांनाही नाही. मुदतवाढ मागून ती मिळाली, तरी २९व्या दिवशी केलेला अर्ज उशिराचाच.

३० दिवस: १२ डिसेंबर २०२५. अपिलाची नोटीस. ५९(ई) चा अर्ज वेळेत गेला असेल तर हे तीस दिवस त्या अर्जावरच्या निकालापासून नव्याने सुरू होतात. अर्ज वेळेत नसेल तर अपिलाचं घड्याळ थांबलेलंच नसतं, आणि हे बहुतेकांना फार उशिरा कळतं.

तिसरी तारीख म्हणजे कलम २२४४(डी) ची एक वर्षाची मुदत कधी संपते किंवा कधी संपली ती. ही स्वतः काढावी लागते. आदेशात ती असेलच असं नाही.

तुरुंगातून पाठवलेला कागद कोर्टात पोचला त्या दिवशी नव्हे, तर तुरुंगाच्या टपाल व्यवस्थेत दिला त्या दिवशी दाखल झाला असं धरतात. ह्यूस्टन विरुद्ध लॅक या १९८८ च्या निकालातून हा नियम आला. पण तो आपोआप लागू होत नाही. तुरुंगात कायदेशीर टपालाची वेगळी व्यवस्था असेल तर तीच वापरायला हवी. सोबत खोटं बोलल्यास शिक्षेस पात्र असल्याचं नमूद केलेलं एक छोटं निवेदन जोडायचं: कोणत्या तारखेला टपाल कोणाकडे दिलं, आणि फर्स्ट क्लासचं टपालशुल्क भरलं होतं. चार ओळींचं काम आहे. तेवढ्या नसल्या तर तारखेवर विनाकारण वाद होतो.

कारण शोधा

आदेशात ‘डिसमिस्ड’ आणि ‘डिनाइड’ हे शब्द कधी काटेकोर, तर कधी सैलपणे वापरलेले असतात. म्हणून शब्दावर न जाता कोर्टाने कोणत्या पायरीवर दार बंद केलं ते शोधा.

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे कागदातली चूक. पाच डॉलरची फी भरली नाही, फी माफीच्या अर्जासोबत तुरुंगाने प्रमाणित केलेला खात्याचा उतारा नाही, सही नाही, किंवा प्रतिवादी म्हणून वॉर्डनऐवजी (तुरुंगाच्या प्रमुखाऐवजी) राज्याचंच नाव घातलं. हे दुरुस्त होतं आणि लगेच करावं.

दुसरं, तक्रारच हेबियसमध्ये बसत नाही. तुरुंगातलं जेवण, औषधोपचार, मारहाण यांचा शिक्षेच्या वैधतेशी संबंध नसतो. त्यासाठी कलम १९८३ चा नागरी हक्कांचा दावा असतो. फक्त राज्याच्या कायद्याची चूक झाली असेल, तर तेही फेडरल हेबियसचं काम नाही. बेकायदा झडतीच्या, म्हणजे अमेरिकी संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीच्या मुद्द्यावर राज्याच्या कोर्टात पूर्ण सुनावणीची संधी मिळाली असेल, तर १९७६ च्या स्टोन विरुद्ध पॉवेल निकालाने तीही वाट बंद केली आहे. शिक्षा पूर्ण भोगून झाल्यावर याचिका केली असेल तर ‘कस्टडी’ नाही म्हणून ती जाते. पॅरोलवर असलेला माणूस मात्र कस्टडीतच धरतात.

तिसरं, राज्यातले उपाय संपवले नाहीत, म्हणजे मुद्दा आधी राज्याच्या कोर्टांत शेवटपर्यंत नेला नाही. चौथं, मुदत उलटली. पाचवं, मुद्दा राज्याच्या कोर्टात त्यांच्या नियमांप्रमाणे मांडला नाही आणि आता तिथेही मांडता येत नाही. याला प्रोसिजरल डिफॉल्ट म्हणतात. सहावं, ही दुसरी याचिका आहे. तिसऱ्या आणि चौथ्याची गाठ एकमेकांत अडकलेली आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे नेमकं काय उरलं?

राज्यातले उपाय न संपवल्याबद्दल याचिका जाते तेव्हा आदेशात ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलेलं असतं. अर्थ असा की राज्यात जाऊन या, मग पुन्हा दाखल करा. ऐकायला बरं वाटतं. पण फेडरल कोर्टात याचिका पडून होती त्या काळात एक वर्षाचं घड्याळ थांबलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली डंकन विरुद्ध वॉकरमध्ये हे स्पष्ट केलं. घड्याळ थांबतं ते राज्याच्या कोर्टात रीतसर दाखल केलेला पोस्ट-कन्व्हिक्शन अर्ज (थेट अपिलानंतर शिक्षेला आव्हान देणारा अर्ज) प्रलंबित असतो तेवढाच काळ.

हिशेब एकदा तारखांनिशी मांडून पाहा.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट अपील १० जानेवारी २०२४ ला नाकारलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जायला ९० दिवस असतात, मग तिथे कोणी जावो न जावो. ते ९ एप्रिल २०२४ ला संपले आणि शिक्षा त्या दिवशी अंतिम झाली. वर्ष १० एप्रिलला सुरू. कैद्याने राज्यात पोस्ट-कन्व्हिक्शन अर्ज केला ७ ऑक्टोबर २०२४ ला. तोवर १८० दिवस खर्च झाले, १८५ उरले. तो अर्ज राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ३ मार्च २०२५ ला संपला. इथे मात्र ९० दिवसांची सवलत मिळत नाही. ४ मार्चपासून घड्याळ पुन्हा चालू झालं आणि १८५वा दिवस आला ४ सप्टेंबर २०२५ ला.

फेडरल याचिका गेली २० जून २०२५ ला, म्हणजे ७६ दिवस हातात ठेवून. त्यात चार मुद्दे होते. चौथा राज्यात कधीच मांडलेला नव्हता. कोर्टाने १२ नोव्हेंबरला संपूर्ण याचिका ‘विदाउट प्रेज्युडिस’ फेटाळली. आता राज्यात जाऊन परत यायचं म्हटलं तर ४ सप्टेंबर कधीच उलटून गेलाय. तीन पक्के मुद्दे चौथ्या कच्च्या मुद्द्यापायी बुडाले.

थेट अपिलात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच नसाल, तर ते ९० दिवसही मिळत नाहीत. तिथे जायची मुदत संपली त्या दिवसापासूनच वर्ष सुरू होतं. आणि राज्यातला अर्ज राज्याच्या मुदतीबाहेरचा असेल, तर तो ‘रीतसर दाखल’ नाही. त्याने घड्याळ एक दिवसही थांबत नाही. पेस विरुद्ध डिग्युलिएल्मो, २००५.

अशा मिश्र याचिकेवर (काही मुद्दे राज्यात मांडलेले, काही न मांडलेले) निर्णय होण्यापूर्वी दोन गोष्टी मागता येतात. एक, कच्चा मुद्दा काढून टाकतो, उरलेले चालवा. दोन, याचिका तहकूब ठेवा, मी राज्यात जाऊन येतो. तहकुबीसाठी २००५ च्या ऱ्हाइन्स विरुद्ध वेबरच्या तीन कसोट्या आहेत: आधी राज्यात न जाण्याला सबळ कारण, मुद्दा उघडउघड पोकळ नसणं, आणि मुद्दाम वेळकाढूपणा केलेला नसणं. हे आधी मागितलं नसेल तर २८ दिवसांच्या आत ५९(ई) खाली मागा: आदेश बदला, फेटाळण्याऐवजी तहकूब ठेवा, तेही शक्य नसेल तर कच्चा मुद्दा वगळण्याची परवानगी द्या. अर्जात वरच्यासारखा तारखांचा हिशेब घाला. नवीन याचिका मुदतबाह्य ठरणार हे न्यायाधीशांना दिसलं पाहिजे. ते स्वतः बोटं मोजतील या भरवशावर राहू नका.

अशा प्रकारे फेटाळल्यानंतर वर्ष खरंच शिल्लक असेल, तर नव्याने केलेली याचिका ‘दुसरी’ ठरत नाही. स्लॅक विरुद्ध मॅकडॅनियल, २०००.

मुदत उलटली म्हणून फेटाळली असेल तर

सर्वांत आधी कोर्टाचा हिशेब तपासा. राज्यातला एखादा अर्ज मोजायचा राहिला, ९० दिवस धरले नाहीत, टपालात दिल्याची तारीख न घेता शिक्क्याची घेतली, असं होतं. कोर्टाने मुदतीचा मुद्दा स्वतःहून काढला असेल, तर फेटाळण्यापूर्वी कैद्याला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी होती. डे विरुद्ध मॅकडोना, २००६. ती दिली नसेल तर ५९(ई) साठी तो चांगला आधार आहे.

हिशेब बरोबर निघाला तर उरते इक्विटेबल टोलिंग, म्हणजे न्यायाच्या दृष्टीने मुदतीचं घड्याळ थांबलं असं धरून मागणं. आपल्याकडच्या विलंब माफीच्या अर्जाशी तुलना करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण इथला हात फार आखडता आहे. २०१० च्या हॉलंड विरुद्ध फ्लोरिडाप्रमाणे दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात: सतत प्रयत्न केले, आणि तरीही असाधारण अडथळा आडवा आला. कायदा माहीत नव्हता, वकील नव्हता, वकिलाने दिवस चुकीचे मोजले, ही कारणं चालत नाहीत. वकिलाने कैद्याला वाऱ्यावर सोडलं, पत्रांना उत्तरच दिलं नाही, फाइल अडकवून ठेवली, असं असेल तर चालू शकतं, पण पत्रांच्या नकला हव्यात. इंग्रजी येत नाही एवढ्यावर भागत नाही. मात्र नवव्या सर्किटने २००६ मध्ये मेंडोझा विरुद्ध केरीमध्ये मानलं, की तुरुंगात कैद्याच्या भाषेतलं साहित्य नव्हतं आणि प्रयत्न करूनही भाषांतराला माणूस मिळाला नाही, तर हा अडथळा असाधारण ठरू शकतो. ते प्रकरण स्पॅनिशचं होतं. मराठी किंवा गुजराती बोलणाऱ्या कैद्यालाही तोच तर्क मांडता येईल. कोणाकडे, कधी, कशी मदत मागितली याच्या तारखा मात्र लागतील.

खरोखर निर्दोष असल्याचा नवा, विश्वासार्ह पुरावा असेल तर मॅकक्विगिन विरुद्ध पर्किन्स (२०१३) मुळे मुदतीचा अडसर दूर होऊ शकतो. खटल्यात पुरावा कमी पडला, हा युक्तिवाद इथे नाही. नवा पुरावा पाहून कोणत्याही समंजस ज्यूररने दोषी ठरवलं नसतं, असं दाखवावं लागतं.

अपील: नोटीस एक पानाची, प्रमाणपत्र अवघड

अपिलाच्या नोटिशीत तीन गोष्टी पुरतात: अपील कोण करतंय, कोणत्या आदेशावर, कोणत्या सर्किट कोर्टात. युक्तिवाद नको. नोटीस त्याच जिल्हा न्यायालयात द्यायची. चुकून सर्किट कोर्टाकडे गेली, तर तिथला क्लार्क मिळाल्याची तारीख टाकून ती खाली पाठवतो, पण त्यावर विसंबू नका. अपिलाची फी ६०५ डॉलर आहे. परवडत नसेल तर माफीचा अर्ज सोबतच द्या.

नोटिशीने अपील फक्त नोंदलं जातं. ते चालण्यासाठी ‘सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी’ लागतं, कलम २२५३(सी). फेटाळतानाच जिल्हा न्यायाधीशांनी ते द्यायचं की नाही हे ठरवायचं असतं, आणि बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात नकार असतो. त्या नकारावर वेगळं अपील नाही, आणि त्याचा फेरविचार मागत बसलात तर तीस दिवस थांबत नाहीत. सरळ सर्किट कोर्टाकडे प्रमाणपत्र मागा.

याचिका तांत्रिक कारणाने गेली असेल तर स्लॅक निकालाची दुहेरी कसोटी लागते. तांत्रिक निर्णय बरोबर होता का यावर समंजस न्यायविदांत मतभेद होऊ शकतात, हे दाखवायचं. आणि मूळ संवैधानिक मुद्द्यातही दम आहे, हेही. बरेच अर्ज पहिल्या अर्ध्यातच अडकतात. पाच पानं मुदतीच्या हिशेबावर आणि मूळ तक्रारीवर एक ओळही नाही! दोन्ही लिहा. ‘मी जिंकणारच’ हे दाखवायचं नाही, प्रश्न वादाचा आहे एवढंच दाखवायचं. प्रत्येक मुद्द्यासाठी प्रमाणपत्र वेगळं मागावं लागतं. जो मुद्दा लिहिला नाही तो गेला.

आदेशाची प्रत वेळेत मिळालीच नाही, तर अपील नियम ४(ए)(६) आहे: नोंदीनंतर २१ दिवसांत सूचना मिळाली नसेल, तर ती मिळाल्यापासून १४ दिवसांत किंवा नोंदीपासून १८० दिवसांत, यातलं जे आधी येईल त्यापूर्वी अर्ज करायचा. जपून ठेवलेलं पाकीट आणि तुरुंगाच्या टपाल नोंदवहीचा उतारा इथे कामाला येतो.

सर्किटनेही प्रमाणपत्र नाकारलं तर फेरसुनावणीसाठी १४ दिवस, सर्वोच्च न्यायालयासाठी ९० दिवस.

नवी याचिका घाईने टाकू नका

मुदत, डिफॉल्ट किंवा गुणवत्ता यांपैकी कशावरही निकाल झाला असेल, तर पुढची याचिका ‘सेकंड ऑर सक्सेसिव्ह’ धरली जाते. ती थेट जिल्हा न्यायालयात टाकली की अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत येते. आधी सर्किट कोर्टाच्या तीन न्यायाधीशांची परवानगी लागते, आणि त्यांनी नाही म्हटलं तर त्यावर पुढे फेरसुनावणी नाही, सर्वोच्च न्यायालयात अर्जही नाही. पहिलं अपील अजून चालू आहे म्हणून नवे मुद्दे आत घुसवता येतील, हा समजही २०२५ च्या रिव्हर्स विरुद्ध गेरेरो निकालाने मोडीत काढला.

याच कारणाने ५९(ई) किंवा ६०(बी) (अंतिम निकालातून सुटका मागण्याचा दिवाणी प्रक्रिया नियम) च्या अर्जात नवा मुद्दा घालू नका. मर्यादा पाळलेला ५९(ई) अर्ज दुसरी याचिका ठरत नाही, हे बॅनिस्टर विरुद्ध डेव्हिस (२०२०) ने नक्की केलं. ६०(बी) मध्ये मुदतीच्या किंवा उपाय न संपवल्याच्या निर्णयातली चूक दाखवता येते. शिक्षेवर नवा हल्ला चढवला की तो अर्ज नावाने काहीही असो, दुसरी याचिकाच होतो.

बाहेरच्या नातेवाइकांनी काय करावं

पेसर या फेडरल कोर्टांच्या कागदपत्रांच्या संकेतस्थळावर खातं उघडून डॉकेट पाहा. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले तर बिल माफ. नोंदीची तारीख तिथेच दिसते. ती फोनवर सांगून न थांबता पत्राने कैद्याला कळवा. राज्याच्या कोर्टांतले जुने निकाल आणि अर्जांच्या नकला गोळा करा, कारण वर्षाचा हिशेब त्यांवरच चालतो. वकील नसलेला भाऊ किंवा बायको कैद्याच्या वतीने कोर्टात बाजू मांडू शकत नाही. कैदी स्वतः सही करू शकत असेल तर सहीही त्याचीच हवी. हेबियसमध्ये सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क सहसा नसतो, पण न्यायाधीशांना योग्य वाटलं तर ते नेमू शकतात. तो अर्ज वेगळा करायचा असतो आणि त्याची वाट पाहत वरची कुठलीही तारीख थांबत नाही.